बर्फाखालच्या खडकाचे वजन

तिवसा गावाहून नाकासमोर थेट दक्षिणेची वाट धरली, तर धामणगाव, यवतमाळ, निजामाबाद, कर्नूल, सेलम, मदुरै अशी गावे जवळून जातात. मदुरै मागे पडले की थोड्याच वेळात जमीन संपते. श्रीलंका डाव्या हाताला राहते आणि पुढे हजारो किलोमीटर नुसता हिंदी महासागर. आपले गाव पूर्व रेखांश ७८ च्या जवळ आहे. त्याच रेषेने सुमारे दहा हजार किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या परिघाचा चौथा हिस्सा चालून गेल्यावर पुन्हा जी मोठी जमीन लागते ती अंटार्क्टिका. त्या किनाऱ्यावर लार्समन टेकड्या नावाचा उघड्या खडकांचा लहानसा प्रदेश आहे आणि तेथे २०१२ सालापासून भारताचे 'भारती' हे संशोधन केंद्र उभे आहे. म्हणजे आपल्या सरळ दक्षिणेचा, भर समुद्रापलीकडचा शेजारी म्हणजे हा बर्फाचा खंड होय.

हा शेजारी अंगावर पांघरूण घेऊन बसला आहे. अंटार्क्टिकाचे क्षेत्रफळ सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटर; आपल्या महाराष्ट्रासारखी पंचेचाळीस राज्ये त्यात मावतील. त्यावर सरासरी दोन किलोमीटर आणि काही ठिकाणी साडेचार किलोमीटरहूनही जाड बर्फ आहे. उघडा खडक शेकडा एक भागही नाही. अशा खंडाच्या पोटात काय आहे, त्याचे शिलावरण जाड की पातळ, थंड की उष्ण, हे माणसाने कसे ओळखावे? आणि ओळखून करायचे काय? कला शाखेच्या वार्षिकात हा विषय कशाला, असेही कोणी विचारील. या प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत; ती क्रमाने उलगडण्याचा येथे प्रयत्न आहे.

आपलेही एक पांघरूण

आधी आपल्या पायाखाली पाहू. आपल्याकडे विहीर खणताना प्रथम काळी माती लागते, मग मुरूम, आणि मग काळा पाषाण. त्याला सुरुंग लावल्याशिवाय पुढे जाता येत नाही. हा काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून निघालेल्या लाव्हाचे थरावर थर बसून तो तयार झाला. आजही त्याने सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश झाकलेला आहे आणि महाराष्ट्राचा फार मोठा भाग त्यात येतो. आपण त्यालाच महाराष्ट्राचा दगड समजतो. पण तोही एक पांघरूणच आहे. त्याच्याखाली कित्येक पटींनी जुने खडक दडलेले आहेत.

ते पाहण्याची एक वाट म्हणजे खणणे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर तेथे ६१७ मीटर खोल छिद्र घेण्यात आले. वरचे ३३८ मीटर बेसॉल्ट निघाला, त्याखाली अवघा ८ मीटर गाळाचा खडक आणि मग अतिप्राचीन स्फटिकी पाया. कोयनेच्या परिसरात तर तीन किलोमीटर खोल छिद्र घेतले गेले आणि तेथे बेसॉल्टची जाडी सुमारे सव्वा किलोमीटर भरली. दुसरी वाट म्हणजे निसर्गानेच उघडून ठेवलेली खिडकी शोधणे. अशी एक खिडकी आपल्या जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यातील सालबर्डीला आहे. महादेवाच्या यात्रेला आपण तेथे जातो. पण तेथील दगड निराळा आहे हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी जमीन खालीवर सरकल्यामुळे बेसॉल्टखालचे गोंडवन काळातील थर आणि त्याहूनही जुने स्फटिकी खडक तेथे उघडे पडले आहेत. बेसॉल्टच्या मुलखात सालबर्डीचे जे स्थान, तेच बर्फाच्या मुलखात लार्समन टेकड्यांचे.

परंतु छिद्रे किती घेणार आणि खिडक्या किती सापडणार? साऱ्या खंडाचा अंदाज घ्यायचा तर पांघरूण न काढता आतले ओळखण्याची युक्ती हवी. ती युक्ती म्हणजे गुरुत्वाकर्षण मोजणे.

ओढ सगळीकडे सारखी नसते

पृथ्वीची ओढ सर्वत्र सारखीच असते असे शाळेत आपण गृहीत धरतो. वस्तुतः ती ठिकठिकाणी किंचित बदलते. पायाखाली जड खडक असेल तर ओढ थोडी वाढते, हलका असेल तर कमी होते. पाण्याच्या तुलनेत बर्फाची घनता ०.९२, ग्रॅनाइटची सुमारे २.७, बेसॉल्टची सुमारे २.९ आणि भूकवचाखालच्या प्रावरणाची सुमारे ३.३. हे आकडे लक्षात ठेवले की पुढचे सारे सोपे होते.

हा फरक किती सूक्ष्म असतो? शास्त्रज्ञ ओढ मोजण्यासाठी गॅलिलिओच्या नावावरून 'गॅल' हे एकक वापरतात. पृथ्वीची ओढ सुमारे ९८० गॅल आहे. खडकांमुळे पडणारी मोठी म्हणावी अशी तफावत गॅलच्या विसाव्या भागाइतकी असते. म्हणजे एकूण ओढीचा वीस हजारावा हिस्सा. एक क्विंटल कापूस स्प्रिंगच्या काट्याला टांगला, तर अशा दोन ठिकाणी त्याच्या वजनात पाच ग्रॅमचा फरक दिसेल. स्प्रिंगचा काटा मुद्दाम म्हटले. दोन पारड्यांच्या तराजूत हा फरक कधीच कळणार नाही, कारण मापाचे वजनही तेवढेच बदललेले असते.

या शास्त्राच्या इतिहासाचा एक धागा आपल्या शेजारून गेला आहे. विल्यम लॅम्बटन याने १८०२ साली मद्रासहून भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला आरंभ केला. ७८ रेखांशाच्या आसपास दक्षिणोत्तर मोजणी करीत तो वर सरकत राहिला आणि २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटला मरण पावला. ते काम जॉर्ज एव्हरेस्टने पुढे नेले. सिरोंजजवळचे कल्याणपूर आणि उत्तरेकडील कलियाना या दोन ठिकाणांमधील अक्षांशांचे अंतर दोन रीतींनी काढले गेले. एक रीत जमिनीवरील त्रिकोणांची, दुसरी ताऱ्यांच्या वेधांची. दोन उत्तरांत सुमारे सव्वापाच विकलांचा फरक आला. जमिनीवर तो साधारण १६० मीटर होतो. कारण असे की वेध घेताना उभी रेषा ठरविणारा ओळंबा हिमालयाच्या ओढीने किंचित उत्तरेकडे झुकत होता.

कलकत्त्याचे धर्माधिकारी जॉन प्रॅट यांनी हिमालय किती ओढील याचे गणित मांडले, आणि निघाले ते निराळेच. दिसणाऱ्या पर्वताच्या हिशेबाने फरक सुमारे सोळा विकलांचा यायला हवा होता. प्रत्यक्षात तो त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकाच होता! हिमालय दिसतो तेवढा जड नाही असा त्याचा अर्थ. १८५५ साली जॉर्ज एअरी यांनी स्पष्टीकरण दिले की पर्वत पाण्यात तरंगणाऱ्या ओंडक्यासारखा आहे. जेवढा वर, त्याहून अधिक खाली. खाली खोल गेलेले हलक्या खडकाचे मूळ आजूबाजूच्या जड प्रावरणाची जागा घेते आणि ओढ कमी करते. याच विचाराला पुढे समस्थायित्वाचा सिद्धांत म्हणू लागले. न दिसणारा खडक ओळंब्याने 'पाहण्याची' ही सुरुवात भारतभूमीवरील मोजणीतून झाली, हे आपण विसरू नये.

आकाशातला काटा

ओळंबा आणि जमिनीवरील गुरुत्वमापक यंत्रे घेऊन अंटार्क्टिकाचा इंच न् इंच फिरणे शक्य नाही. विमानातून मोजता येते. पण तेही पट्ट्यापट्ट्याने. म्हणून हा काटा आकाशात टांगण्याची कल्पना निघाली.

१७ मार्च २००२ रोजी अमेरिका आणि जर्मनी यांनी मिळून 'ग्रेस' नावाची उपग्रहांची जोडी सोडली. प्रारंभी सुमारे ५०० किलोमीटर उंचीवरून, एकमेकांपासून २२० किलोमीटरच्या आसपास अंतर ठेवून, ते दोघे एकामागून एक फिरत. पुढचा उपग्रह जड प्रदेशाजवळ आला की त्याला थोडी अधिक ओढ लागे आणि तो किंचित पुढे सरके. मग मागचा त्या प्रदेशाजवळ येई आणि अंतर पुन्हा कमी होई. पोळ्याच्या शर्यतीतील बैलांसारखी ही पुढेमागे होण्याची चाल. फक्त हे पुढेमागे होणे केसाच्या जाडीहून कमी असले तरी ते मोजले जाई. ही जोडी २०१७ पर्यंत चालली, आणि २२ मे २०१८ रोजी तिच्या जागी दुसरी जोडी गेली.

योगायोगाने १७ मार्चलाच, २००९ साली, युरोपच्या अवकाश संस्थेने 'गोसे' हा उपग्रह सोडला. तो फक्त २५५ किलोमीटर उंचीवरून फिरे. इतक्या खाली विरळ हवेचा अडथळा असतो. तो भरून काढण्यासाठी त्याला सतत अगदी हलका रेटा देणारे इंजिन बसविले होते. त्याच्या पोटात जोड्याजोड्यांनी संवेदक होते. अर्ध्या मीटर अंतरावरील दोन संवेदकांना लागणाऱ्या ओढीतील फरक ते मोजत. इंधन संपल्यावर ११ नोव्हेंबर २०१३ रोजी तो वातावरणात जळून गेला. ग्रेसचे वैशिष्ट्य असे की महिन्यामहिन्याला ओढ कशी बदलते ते कळते. गोसेचे वैशिष्ट्य असे की ठिकाणाठिकाणचा फरक अधिक बारकाईने, सुमारे शंभर किलोमीटरपर्यंत, दिसतो. एकाने काळातला बदल मोजला, दुसऱ्याने स्थळातला.

अशा मोजणीने काय दिसते, त्याचा एक नमुना आपल्याच दक्षिणेच्या वाटेवर आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेस हिंदी महासागराची पातळी पृथ्वीच्या आदर्श आकारापेक्षा सुमारे १०६ मीटर खाली आहे. सबंध पृथ्वीवर इतका मोठा खळगा दुसरा नाही. जहाजातील माणसाला तो जाणवत नाही, कारण तेथील ओळंबा आणि पाणी दोन्ही त्याच ओढीचे ऐकतात. तेथे ओढ का कमी, याचे कारण समुद्राच्या तळाशी नसून खोल प्रावरणात आहे असे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०२३ साली मांडले.

बर्फाखाली काय निघाले?

आता अंटार्क्टिकाकडे वळू. उपग्रहाला लागणारी ओढ ही बर्फ, खडक आणि प्रावरण या सगळ्यांची मिळून असते. विमानातून रडारच्या लहरी सोडल्या की त्या बर्फातून पार होऊन खडकावर आपटून परत येतात आणि बर्फाची जाडी कळते. ती कळली की बर्फाची ओढ हिशेबातून वजा करायची. खडकाच्या चढउतारांचीही वजा करायची. मग जे उरते ते खोलवरच्या शिलावरणाचे बोलणे. शिलावरण म्हणजे भूकवच आणि त्याखालच्या प्रावरणाचा वरचा ताठ भाग मिळून होणारा पृथ्वीचा कठीण थर.

एक अडचण मात्र होती. गोसेची कक्षा अशी होती की ८३ अंशांच्या पलीकडे ध्रुवाभोवतीचा गोल तुकडा त्याला दिसतच नसे. नकाशाच्या मधोमध भोक राही. दक्षिण ध्रुवाभोवतीचे ते भोक भरण्यासाठी २०१५–१६ च्या मोसमात विमाने पाठवून मोजणी करावी लागली.

या मोजणीतून आणि भूकंपलहरींच्या अभ्यासातून मिळून उभे राहिलेले चित्र असे. अंटार्क्टिका म्हणजे एकसंध खंड नव्हे. दोन भिन्न स्वभावांचे तुकडे शेजारी आहेत. पूर्वेकडील तुकडा जुना, थंड आणि जाड आहे. तेथील भूकवच सर्वसाधारणपणे चाळीस किलोमीटरच्या आसपास, आणि गॅम्बुर्त्सेव्ह पर्वताखाली पंचावन्नच्या पुढेही जाते. हा पर्वत आल्प्सच्या तोडीचा आहे, पण पूर्णपणे बर्फात बुडालेला. सोव्हिएत मोहिमेला तो १९५८ मध्ये सापडेपर्यंत त्याची कोणाला कल्पना नव्हती. त्यालाही हिमालयासारखे मूळ आहे. पश्चिमेकडील तुकडा उलट पातळ आहे. भूकवच बऱ्याच ठिकाणी तिसाच्या आत आणि उष्ण प्रावरण त्यामानाने वर आलेले.

२०१८ साली जर्मनीतील कील विद्यापीठ आणि ब्रिटिश अंटार्क्टिक संस्था यांच्या संशोधकांनी गोसेच्या मोजणीवरून पूर्व अंटार्क्टिकाचे शिलावरण हे प्राचीन तुकड्यांची आणि त्यांना सांधणाऱ्या पर्वतपट्ट्यांची गोधडी असल्याचे दाखविले. त्या गोधडीतले काही ठिगळ एके काळी भारत आणि ऑस्ट्रेलिया यांना जोडलेले होते. भारत आणि पूर्व अंटार्क्टिका सुमारे तेरा कोटी वर्षांपूर्वी एकमेकांपासून सुटू लागले. 'भारती' केंद्राच्या पश्चिमेकडील लॅम्बर्ट हिमनदीची दरी आणि ओडिशातील महानदीची खचदरी या एकाच जुन्या भेगेचे दोन भाग मानल्या जातात. त्या बाजूच्या पर्वतांत दगडी कोळसा सापडतो आणि त्यात ग्लॉसोप्टेरिस या वनस्पतीच्या पानांचे ठसे असतात. त्याच काळातला, त्याच वनस्पतींचा कोळसा आपल्याकडे वणी आणि चंद्रपूरच्या खाणींतून निघतो. अंटार्क्टिकाला दूरचा शेजारी म्हटले खरे; जुन्या नात्याने तो भाऊबंदच आहे.

काट्याची मर्यादा

येथे एक सावधानता सांगितली पाहिजे. गुरुत्व एकूण ओढ सांगते. ती कशामुळे, हे सांगत नाही. उथळ जागी थोडा हलका खडक असो की खोलवर पुष्कळ हलका खडक असो, वर ओढ जवळपास सारखीच भरू शकते. पोत्याचे वजन कळले म्हणून आत तूर आहे की सोयाबीन हे कळत नाही, तसेच हे.

याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. कोयना आणि कुर्डुवाडी या भागांत ओढ आसपासच्यापेक्षा कमी भरते. त्यावरून कृष्ण ब्रह्मम आणि नेगी या शास्त्रज्ञांनी १९७३ साली असे अनुमान मांडले की बेसॉल्टखाली तेथे खचदऱ्या दडलेल्या आहेत. पुढे कुर्डुवाडीच्या पट्ट्याचा संबंध किल्लारीच्या भूकंपाशीही जोडला गेला. परंतु किल्लारीस खणले तेव्हा, वर सांगितल्याप्रमाणे, बेसॉल्टखाली अवघा ८ मीटर गाळ निघाला. खोल खचदरी गाळाने भरलेली असती तर तो कितीतरी जाड असता. एका छिद्राने साऱ्या पट्ट्याचा निकाल लागत नाही हे खरे. पण गुरुत्वाला दुसऱ्या साक्षीदाराची गरज असते एवढे त्यातून निश्चित दिसते. भूकंपलहरी, चुंबकीय मोजणी, छिद्रातून निघालेला खडक हे ते साक्षीदार होत. अंटार्क्टिकावर हे साक्षीदार फार थोडे आहेत. म्हणूनच मैत्री केंद्रावर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने चालविलेल्या भूकंपमापकाला, किंवा पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या तेथील निरीक्षणांना, दिसते त्याहून अधिक मोल आहे. या मोहिमांची सारी व्यवस्था गोव्यात वास्को येथील ध्रुवीय संशोधन केंद्रातून पाहिली जाते.

मग याचे करायचे काय?

आता मूळ प्रश्नाकडे येतो. खडक जाड की पातळ, याच्याशी आपले काय देणेघेणे?

अंटार्क्टिकावरील सर्व बर्फ वितळला तर जगातील समुद्र सुमारे ५८ मीटर वर येईल. तो उद्या वितळणार नाही. पण दर वर्षी किती कमी होतो, यावर मुंबईच्या आणि कोकणच्या किनाऱ्याचे भवितव्य काही अंशी अवलंबून आहे. शिवाय बर्फाचा ढीग स्वतःच समुद्राचे पाणी आपल्याकडे ओढून धरतो. तो कमी झाला की जवळचे पाणी ओसरते आणि दूरच्या किनाऱ्यांवर सरासरीपेक्षा अधिक चढते. हिंदी महासागर त्या 'दूर'मध्ये येतो.

हा घटणारा बर्फ मोजण्याचे एक प्रमुख साधन म्हणजे ग्रेसची जोडी. ओढ कमी झाली म्हणजे बर्फ गेला, असा साधा हिशेब. परंतु येथेच खडक मध्ये येतो. तीन किलोमीटर जाडीचा बर्फ आपल्या भाराने खालच्या खडकाला कालांतराने सुमारे आठशे मीटर खाली दाबतो. बर्फ कमी झाला की खडक पुन्हा हळूहळू वर येऊ लागतो. गादीवरून माणूस उठला की गादी वर येते तसे. फक्त येथे हजारो वर्षे लागतात. गेल्या हिमयुगानंतर जो बर्फ गेला त्याची उचल अजून चालू आहे. खडक वर येतो म्हणजे खालून जड प्रावरण तेथे भरते आणि ओढ वाढते. उपग्रहाला ती वाढ बर्फाच्या घटीतच मिसळलेली दिसते. ती वेगळी काढल्याशिवाय बर्फ किती गेला हे सांगता येत नाही; आणि ती वेगळी काढायची तर शिलावरण किती जाड आणि त्याखालचे प्रावरण किती मऊ हे माहीत हवे.

हा नुसता तर्क नव्हे. २०१२ साली 'नेचर' या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात खडकाच्या उचलीचा अंदाज नव्या पुराव्यांवरून सुधारण्यात आला. उपग्रह तेच, मोजणी तीच. पण २००२ ते २०१० या काळातील बर्फाची घट वर्षाला सुमारे ६९ अब्ज टन निघाली. आधीच्या तशाच अंदाजांच्या तुलनेत ही निम्म्याहून कमी ते तिसऱ्या हिश्शापर्यंत होती. याचा अर्थ धोका टळला असा मुळीच नाही. अनेक संशोधकांनी मिळून २०१८ साली दिलेल्या हिशेबानुसार १९९२ ते २०१७ या काळात अंटार्क्टिकाने सुमारे २,७२० अब्ज टन बर्फ गमावला आणि २०१२ नंतरच्या पाच वर्षांत हा वेग वर्षाला २१९ अब्ज टनांवर गेला. पण त्याच हिशेबात अधिकउणे १,३९० अब्ज टनांची अनिश्चितता नमूद आहे. या अनिश्चिततेतला काही भाग बर्फाचा नसून खडकाचा आहे. पश्चिम अंटार्क्टिकात आमुंडसेन समुद्राच्या काठी खडक वर्षाला ४१ मिलिमीटरपर्यंत वर येत असल्याचे २०१८ मध्ये आढळले. ही उचल अपेक्षेपेक्षा फार वेगवान होती, कारण तेथील प्रावरण समजले होते त्यापेक्षा मऊ निघाले.

दुसरी गोष्ट उष्णतेची. जळगावकडील उनपदेव किंवा नांदेडकडील उनकेश्वर येथे ऊन पाण्याचे झरे आपण पाहतो. जमिनीच्या पोटातून उष्णता वर येते याची ती खूण. शिलावरण पातळ असेल तेथे सामान्यतः ही उष्णता अधिक येते. बर्फाच्या तळाशी ती पोहोचली की तळ वितळतो, पाण्याचा पातळ थर होतो आणि बर्फ समुद्राकडे सोपेपणाने घसरू लागतो. म्हणजे बर्फाचा पाय कोठे घट्ट आहे आणि कोठे निसरडा, हेही खालचा खडकच ठरवितो.

आपल्या विहिरीपर्यंत

हाच आकाशातला काटा आपल्या देशावरूनही फिरतो. राजस्थान, पंजाब, हरियाणा या भागांतून ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ या काळात सुमारे १०९ घन किलोमीटर भूजल कमी झाल्याचे ग्रेसच्या मोजणीवरून २००९ साली जाहीर झाले. हे ऐकल्यावर वरुड–मोर्शीकडील संत्र्याच्या बागाईतदाराला सहज वाटेल की आपली बोअर किती दिवस पुरेल तेही आता उपग्रह सांगेल. तसे होणार नाही. ग्रेसला दिसणारा लहानात लहान तुकडा सुमारे तीनशे किलोमीटर लांब-रुंद असतो, साऱ्या विदर्भाएवढा. त्यात एक तालुका दिसत नाही, मग एक विहीर कोठून दिसणार? गावाच्या पाण्याचा हिशेब गावानेच विहिरीत दोर सोडून ठेवावा लागेल. उपग्रह तेवढा आपला हिशेब मोठ्या बेरजेशी जुळतो की नाही हे सांगेल.

माझ्या मते या साऱ्या विषयाचे सार यातच आहे. वरचे काय चालले आहे हे नीट कळण्यासाठी खालचे माहीत असावे लागते. बर्फ मोजायला निघालेल्या शास्त्रज्ञांना खडक मोजावा लागला. खडक मोजताना अनुमान आणि पुरावा यांतला भेद पाळावा लागला. आणि चूक सापडली तेव्हा आपलाच आकडा निम्म्यावर आणण्याची तयारी दाखवावी लागली. आकड्याचा हा प्रामाणिकपणा भूगोलाच्या विद्यार्थ्याने जितका शिकावा, तितकाच इतिहासाच्या आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यानेही शिकावा. म्हणूनच हा विषय कला महाविद्यालयाच्या वार्षिकात आणला.

पुढच्या वेळी सालबर्डीला जाल तेव्हा दर्शन झाल्यावर घटकाभर तेथील दगडापाशी थांबा. काळ्या पाषाणाखालचा तो जुना खडक हाताने चाचपता येतो. तेथून सरळ दक्षिणेला, दहा हजार किलोमीटरवर, त्याच गोंडवनातून तुटून गेलेला एक भाग दोन किलोमीटर बर्फाखाली आहे. त्याला हात लावता येत नाही. म्हणून त्याचे वजन आकाशातून करावे लागते.